पनवेल महानगरपालिका

पनवेल महानगरपालिका ही महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पनवेल शहर व लगतच्या वसाहतींचा कारभार पाहणारी नागरी स्थानिक स्वराज्य संस्था आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेली ही रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका होय.

इतिहास

पनवेल नगरपालिकेची स्थापना १८५२ मध्ये झाली. राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते. नगरपरिषदेचे क्षेत्र, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इत्यादी सिडको वसाहती आणि २९ महसुली गावे मिळून महानगरपालिका अस्तित्वात आली. समाविष्ट गावांतील ग्रामपंचायतींचा कारभार त्यामुळे संपुष्टात आला. तालुक्यातील उर्वरित गावे पंचायत समिती व रायगड जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत राहिली.

कायदेशीर स्थान

एकात्म राज्यपद्धतीत स्थानिक संस्थांना केंद्रीय कायद्याने अधिकार मिळतात. भारतात मात्र स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे महानगरपालिका स्थापन करणे वा तिची हद्द बदलणे हे अधिकार राज्य शासनाकडे आहेत. राज्य आणि शहर यांच्यातील हे नाते बरेचसे एकात्म स्वरूपाचेच आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा व पाच वर्षांची मुदत दिली. बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय नमूद आहेत, तथापि ते प्रत्यक्षात सोपविणे राज्य विधिमंडळावर अवलंबून आहे.

रचना

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार कारभार चालतो. २० प्रभागांतून ७८ नगरसेवक निवडले जातात. नगरसेवक आपल्यातून महापौरांची निवड करतात. कार्यकारी अधिकार मात्र राज्य शासनाने नियुक्त केलेल्या आयुक्तांकडे असतात.

सिडको व मालमत्ता कर

वसाहतींची उभारणी सिडको या राज्य शासनाच्या महामंडळाने केली. महानगरपालिका स्थापन झाल्यानंतरही तेथील अनेक सेवा काही काळ सिडकोकडेच होत्या व त्यांसाठी ती सेवाशुल्क घेत असे. पुढे महानगरपालिकेने ऑक्टोबर २०१६ पासूनचा मालमत्ता कर पूर्वलक्षी प्रभावाने आकारला. एकाच काळासाठी दोन संस्थांना पैसे का द्यावेत, असा आक्षेप रहिवाशांनी घेतला आणि हा वाद न्यायालयात गेला.

प्रशासकीय कालखंड

पहिली निवडणूक मे २०१७ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत जुलै २०२२ मध्ये संपल्यावर कारभार प्रशासकांकडे गेला. पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याची घटनेत तरतूद असतानाही, मधली तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा अर्थसंकल्प व करविषयक निर्णय निर्वाचित सभागृहाविना घेतले गेले.