सरपंचबाईंचं इंग्रजी

अहमदपूर तालुक्यातली एखादी सरपंचबाई मस्टरवरून ग्रामसेवकाला धारेवर धरते आणि लातूरच्या बैठकीत इंग्रजी स्लाइड सुरू झाल्या की गप्प होते. 2011 पासून राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा हे गप्प होणं मोजक्या जणींपुरतं नाही.

गैरसमज : सरकारी बैठकीत इंग्रजी लागतंच.
राज्यकारभार मराठीत चालावा यासाठी 1964 चा राजभाषा कायदा आहे, पंचायती आणि नगरपरिषदांसाठी 2022 चा. ‘साहेब, मराठीत सांगा’ म्हणायला कायद्याचा आधार आहे.

गैरसमज : इंग्रजीशिवाय मोठ्या लोकांपुढे वजन पडत नाही.
1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली ती मराठीत. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात, स्त्रियांना वैद्यकीचं शिक्षण द्या, ही मागणी भाषांतर होऊन इंग्रजांपर्यंत गेली. पुढे रमाबाई इंग्रजी शिकल्या आणि 1887 मध्ये त्या भाषेत पुस्तकही लिहिलं. आधी मुद्दा, मग भाषा, असा हा क्रम.

आपल्याकडचंच पाहा. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’, म्हणजे गावकरी आणि प्रशासन यांच्यातला दुवा झाल्या. 2001 मध्ये भूज हादरलं, तेव्हा लातूर-धाराशिवच्या बायका तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. भाषा वेगळी होती. पण घर पडणं म्हणजे काय, हे दोन्हीकडच्या बायकांना ठाऊक होतं.

गैरसमज : ‘इस्कूल’ म्हणणारीचं इंग्रजी कच्चं.
उच्चाराची ढब आणि बोलणं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मन्रो आणि डर्विंग या कॅनडातल्या अभ्यासकांनी 1995 मध्ये दाखवलं. ढब जाड असली तरी बोलणं पूर्ण कळू शकतं.

गैरसमज : भीती काय ती मनातच असते.
व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासांचं हे लाडकं वाक्य, आणि ते अर्धंच खरं आहे. परक्या ढबीत सांगितलेली माहिती ऐकणाऱ्यांना किंचित कमी खरी वाटते, असं शिकागो विद्यापीठातल्या 2010 च्या प्रयोगात आढळलं. म्हणजे खोट ऐकणाऱ्यांतही आहे. म्हणून आकडे आणि ठरावाची प्रत हाती ठेवून बोललेलं बरं.

इंग्रजी शिकूच नये असं कोण म्हणतं? ऑनलाइन कामं आहेत, बँक आहे. पण एस्टिमेट, टेंडर, बिल, ऑडिट हे शब्द या बायका रोज बिनदिक्कत वापरतात. शिकवणी ‘माय नेम इज’पासून कशाला, या शब्दांपासूनच सुरू करावी.