वर बघून बोल!

"वर बघ! माझ्याकडे बघून बोल!" सहावीच्या वर्गात हे वाक्य मी किती मुलांना ऐकवलं असेल, त्याची मोजदाद नाही. बहुतेक मुलं मान वर करत आणि प्रकरण मिटे. १९९४ साली एक मुलगा मात्र काही केल्या वर बघेना. मी त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला. तो कानांवर हात दाबून असा किंचाळला की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, 'उद्धट आहे.'

निवृत्तीनंतर त्याची आई बाजारात भेटली. "बाई, त्याच्या वागण्याला डॉक्टरांनी आता नाव दिलंय. ऑटिझम म्हणतात." म्हणजे स्वमग्नता. तिच्या सुरात तक्रार नव्हती, पण मला भाजी घेणं सुचेना. त्या दिवसापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत गेले.

मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथे प्राणवायूने भरलेलं रक्त जास्त धावतं. प्राणवायू असलेलं आणि नसलेलं रक्त चुंबकीय क्षेत्रात निरनिराळं वागतं. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलेल्या या फरकावरच फंक्शनल एम.आर.आय.ची तपासणी उभी आहे. यंत्रात पडलेल्या मुलाला हसरे, घाबरलेले, रागावलेले चेहरे दाखवायचे आणि मेंदूत काय होतं ते टिपायचं. लक्ष असतं ते विशेषतः अमिग्डलावर. कानशिलाच्या आत खोलवर असलेला, बदामाच्या आकाराचा हा भाग म्हणजे मेंदूतला राखणदारच. धोक्याची चाहूल त्याला चटकन लागते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात किम डाल्टन, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं चित्रातल्या डोळ्यांकडे जितका जास्त वेळ बघत, तितका त्यांचा अमिग्डला अधिक खवळे. म्हणजे नजर चुकवणं ही बेपर्वाई नसून चटका टाळण्याची धडपड असू शकते. आणि मी हनुवटी धरली होती!

लंडनमध्ये एसी व्हायडिंग आणि सहकाऱ्यांनी मारामाऱ्या करणारी, नियम मोडणारी मुलं अभ्यासली. त्यांचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला. घाबरलेले चेहरे इतके क्षणभर दाखवले की मुलांना ते जाणवूही नयेत. ज्यांना दुसऱ्याच्या दुःखाचं फारसं काही वाटत नाही, त्यांचा अमिग्डला थंड राहिला; बाकीच्या दांडगट मुलांचा मात्र कितीतरी जास्त चाळवला. बाहेरून दोघांचे उद्योग सारखेच. पण एकाला समोरच्याची भीती बहुधा पोचतच नाही, तर दुसऱ्याला जिकडेतिकडे धोका दिसत असावा. दोघांना एकच छडी कशी लागू पडेल?

आईवडिलांनी मात्र लगेच मुलाला घेऊन तपासणी केंद्राकडे धाव घेऊ नये. या प्रतिमा गटांची सरासरी सांगतात. एकट्या मुलाचं निदान त्यावरून होत नाही. ते आजही तज्ज्ञांनी मुलाला पाहून, त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलूनच करायचं असतं. शिवाय मुलाचा मेंदू वाढता, घडता असतो. 'त्याचा मेंदूच तसा' असं म्हणून हात झटकले, तर तो माझ्या शेऱ्यासारखाच आणखी एक शेरा होईल.

आपल्याकडे खाली बघणारा मुलगा लबाड ठरतो आणि रोखून बघणारा उद्धट. नजरेवरून मन ओळखल्याचा हा आपला तोरा यंत्राने थोडा उतरवला, एवढं खरं.

गेल्या दिवाळीत त्यांच्या घरी गेले. तो खिडकीशी बसला होता. मी समोर न बसता शेजारी बसले आणि त्याच्यासारखीच रस्त्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने, खिडकीवरची नजर न हलवता तो म्हणाला, "सहावी ब. तुम्ही इतिहास शिकवायच्या."

"हो रे," मी म्हटलं. या वेळी त्याला वर बघायला सांगितलं नाही.