चला, लाव्हाच्या बेटावर!

बालमित्रांनो, ज्वालामुखीतून निघालेल्या लाव्हाचं बेट पाहायला यायचं का? घाबरू नका! तिथे आता आग नाही की धूर नाही. विमानाचं तिकीटही नको.

आमच्या नारपोलीच्या शाळेत ज्वालामुखीचा पाठ चालला होता. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हे सगळं परदेशात. आम्हाला कुठे बघायला मिळणार?" तिचे वडील मागावर काम करतात. मी अंगणातला एक काळा दगड तिच्या हातावर ठेवला. म्हटलं, "हा बघ, थंड झालेला लाव्हा!"

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरांवर थर साचत गेले. त्याचाच झाला हा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. आपल्या भिवंडीच्या पायाखाली तोच आणि मुंबईजवळच्या समुद्रातलं घारापुरी बेटही त्याचंच!

जायचं कसं? नारपोलीहून ठाणे, तिथून लोकलने सीएसएमटी, मग गेटवे ऑफ इंडिया. पुढे बोटीने साधारण तासभर. बेटावर उतरलात की धक्क्यावर छोटी आगगाडी दिसेल. मग सुमारे १२० पायऱ्या. दमलात तर बसा, पण खाऊची पिशवी सांभाळा. माकडं टपूनच असतात!

वर गेल्यावर मोठ्या लेण्यात शिरा. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे हे खांब बाहेरून आणून उभे केलेले नाहीत बरं का! कारागिरांनी डोंगर कोरत नेला आणि खांब तेवढे शिल्लक ठेवले. एक घाव चुकला, तर नवा दगड कुठून आणायचा? समोरची त्रिमूर्ती सुमारे १८ फूट उंच आहे. तीनही मुखं शंकराचीच. डावीकडचं उग्र, मधलं शांत, उजवीकडचं कोमल. घरच्यांना आधी ओळखायला सांगा!

इथल्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणून सांगते, मूर्तींवर चढू नका, नावं कोरू नका. तुटलेलं जोडता येतं, पण पहिल्यासारखं होत नाही.

आईबाबांनो, आता तुमच्यासाठी. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीही बंद. परतीची शेवटची बोट किती वाजता, ते उतरतानाच विचारा. आणि बोटीत बसल्याबरोबर मुलांना लाइफ जॅकेट घाला, स्वतःही घाला. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि कित्येकांचे प्राण गेले. "उकडतंय" म्हणून जॅकेट काढू देऊ नका.

दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी घरच्यांबरोबर जाऊन आली. शाळा उघडली त्या दिवशी तिने अंगणातला तोच दगड शोधून सगळ्या वर्गाला दाखवला. म्हणाली, "हा घारापुरीचा भाऊ आहे!"

मग, तुम्ही कधी निघताय?