उंटाच्या पाठीवरून थरच्या वाळवंटांत

आपल्या मराठी भाषेनें उंटाची थट्टाच फार केली आहे. उंटावरून शेळ्या हांकणारा आळशी आणि उंटावरचा शहाणा हे दोघेही आपल्या चांगल्या परिचयाचे; परंतु प्रत्यक्ष उंटावर बसण्याचा योग कितीजणांस येतो? पेशवाईंत सांडणीस्वार खलिते घेऊन दौडत, तो काळ कधींच मागें पडला. आतां ज्यास हौस असेल त्यानें जैसलमेर गांठावें.

रावळ जैसल यानें इ. स. ११५६ मध्यें वसविलेल्या या शहरापासून पश्चिमेस सुमारें ४० किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या आहेत. तेथें हंगामांत सायंकाळीं गाड्यांची आणि गाण्याबजावण्याची एकच झुंबड उडते. ज्यांस वाळवंटाची शांतता हवी, त्यांनीं नैर्ऋत्येकडील खुडी गांवाची वाट धरावी. आम्हीं तसेंच केलें. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. दिवसा ऊन लागतें, पण रात्रीं थंडी अशी कीं, मुलांच्या अंगावर दोन पांघरुणेंही अपुरीं पडावीं.

उंट बसतांना पुढचे गुडघे आधीं टेकतो, पण उठतांना मागचे पाय आधीं उचलतो. त्यामुळें नवखा स्वार एकदम पुढें कलंडतो. यासाठीं पलाण घट्ट धरून अंग मागें टाकावें. चालतांना तो एका बाजूचे दोन्ही पाय बरोबरच टाकतो. म्हणून बैठक होडीसारखी डुलते. तासाभरानें मांड्या अवघडतात. अशा वेळीं उतरून थोडें पायीं चालण्यांत कमीपणा मानूं नये.

वाटेंत आमच्या मुलीनें उंटवाल्यास विचारलें, “बाबा, याच्या मदारींत पाणी असतें ना?” म्हातारा हंसला. मदारींत पाणी नसून चरबी असते. पाणी राखण्याची त्याची युक्ति निराळीच आहे. तहानलेल्या उंटाच्या अंगाची उष्णता पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरते व दुपारीं ४० अंशांपर्यंत चढूं शकते. त्यामुळें घाम थोडा येतो. पाणी मिळालें म्हणजे मात्र तो थोडक्या मिनिटांत १०० लिटरही पिऊन टाकतो!

रात्रीं शेकोटीपाशीं बाजरीची भाकरी व केर-सांगरीची भाजी खातांना म्हाताऱ्यानें सहज सांगितलें कीं, त्याच्या वडिलांजवळ उंटांचा कळप होता. त्याच्याजवळ दोनच उरले असून मुलगा जीप हांकतो. ही एका घरची कथा नव्हे. पशुगणनेप्रमाणें २०१२ सालीं भारतांत सुमारें ४ लक्ष उंट होते. २०१९ सालीं ते अडीच लक्षांवर आले. ओझें मोटारींनीं घेतलें, नांगर ट्रॅक्टरनें घेतला, चराऊ रानेंही आटलीं. राजस्थान सरकारनें २०१४ सालीं उंटास राज्यपशु ठरविलें आणि २०१५ सालीं त्याची कत्तल बंद करून परराज्यांत नेण्यावर निर्बंध घातले. हेतु चांगलाच, परंतु पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या रायका लोकांची तक्रार अशी कीं, गिऱ्हाईक तुटलें आणि उंट विकून संसार चालविणें कठीण झालें. ज्या जनावरावर पोट भरत नाहीं, तें प्रेमापोटीं किती दिवस पोसावें?

म्हणूनच प्रवाशांचा पैसा येथें क्षुल्लक नव्हे. मात्र तो डोळसपणें खर्चावा. पलाणाखालीं वा नाकपुडीस जखम असलेल्या उंटावर बसूं नये, एकावर अधिक माणसें लादूं नयेत, आणि मजुरीपैकीं उंटवाल्याच्या हातीं काय पडतें याची चौकशी करावी. आपला केरकचरा आपणच परत न्यावा.

सकाळीं निघतांना मुलीनें आपल्या डब्यांतला गूळ उंटापुढें धरला. त्यानें तो हलकेच ओठांनीं उचलला. घरीं आल्यावर कोणीसें ‘उंटावरचा शहाणा’ म्हणतांच ती चटकन् म्हणाली, “शहाणा खालीं चालत होता, दोर धरून!” आम्हांस त्यावर कांहीं उत्तर सुचलें नाहीं.