गाण्याची सीडी आणि अडणारा ड्राइव्ह

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव येडेश्वरी देवीच्या ठाण्यामुळे मराठवाड्याबाहेरही परिचित आहे. बालाघाटाच्या डोंगरावरील मंदिर, चैत्र पौर्णिमेची यात्रा आणि दुसऱ्या दिवशी पालखीसोबत जाऊन रानात चुना वेचण्याचा विधी यांच्याइतकीच या ठाण्याची ओळख संबळ-झांजेच्या साथीने आराधी मंडळी म्हणतात त्या गाण्यांनी घडली आहे. येडाईची, म्हणजेच येडेश्वरीची, ही गाणी आधी कॅसेटवर, मग सीडी आणि व्हीसीडीवर आली. पुढे मोबाइलने या तबकड्यांचा बाजार उठवला, तरी कपाटांत राहून गेलेल्या तबकड्या आज कोणी संगणकावर उतरवून घेऊ लागला, की एक जुने दुखणे हमखास डोके वर काढते. एमपीथ्रीची सीडी बिनतक्रार उघडते, व्हीसीडी चालते. मात्र ऑडिओ सीडी घातली की ड्राइव्ह घरघरतो, त्याचा दिवा लुकलुकत राहतो, माउसचा बाण जागीच खिळतो आणि सगळा संगणक हँग होतो. दुरुस्तीच्या दुकानात यावर ‘ड्राइव्ह गेला’ किंवा ‘विंडोज फॉरमॅट मारा’ असे दोन ठरावीक निकाल दिले जातात आणि बहुतेक वेळा ते दोन्ही घाईचे असतात, कारण या बिघाडाचे मूळ समजण्यासाठी आधी ऑडिओ सीडी ही डेटा सीडीहून वेगळी कशी, हे पाहावे लागते.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या आणि ‘रेड बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणानुसार ऑडिओ सीडी बनते. १२ सेंटिमीटर व्यासाच्या पॉलिकार्बोनेटच्या तबकडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते, तिच्या दोन वेढ्यांत १.६ मायक्रॉनचे अंतर असते आणि ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा लेसर त्या वाटेवरचे खळगे वाचतो. ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांसाठी प्रत्येकी १६ बिटांचे, असा हिशेब असून सेकंदाचे ७५ भाग पाडलेले असतात. अशा एका भागाला सेक्टर म्हणतात आणि त्यात २,३५२ बाइट मावतात. ऑडिओ सीडीत हे सगळेच्या सगळे बाइट ध्वनीसाठी खर्ची पडतात. पुढे संगणकासाठी ‘यलो बुक’ हे प्रमाण आले, तेव्हा त्याच २,३५२ बाइटांपैकी १२ बाइट सेक्टरची सुरुवात ओळखण्यासाठी, ४ बाइट त्याच्या पत्त्यासाठी आणि २८८ बाइट मुख्यतः चुका शोधण्या-सुधारण्यासाठी राखून ठेवले गेले, त्यामुळे प्रत्यक्ष माहितीला २,०४८ बाइटच उरले.

साऱ्या दुखण्याचे मूळ या वाटणीत आहे. चुका सुधारण्याची पहिली पातळी, जिला सर्क म्हणतात, दोन्ही प्रकारच्या तबकड्यांत असते आणि वाटेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा खंड ती भरून काढते. परंतु तिच्या हातून निसटलेली चूक पकडणारी दुसरी पातळी आणि प्रत्येक सेक्टरच्या कपाळावर लिहिलेला पत्ता या दोन्ही गोष्टी ऑडिओ सीडीत नसतात. ध्वनीच्या सोबतीने वाहणाऱ्या क्यू नावाच्या उपवाहिनीत मिनिट, सेकंद आणि सेक्टर यांची नोंद असते खरी, पण ती वाजत असलेल्या गाण्याची वेळ दाखवण्यापुरती पुरेशी असून वाचनाचे टोक नेमक्या बाइटावर नेऊन ठेवण्याइतकी काटेकोर नसते. घरातल्या सीडी प्लेअरला याची फिकीर नसते, कारण तो तबकडी मिनिटाला ५०० ते २०० फेऱ्यांच्या संथ गतीने फिरवत पुढेच जात राहतो आणि एखादा तुकडा वाचता आला नाही तर आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधतो किंवा क्षणभर गप्प बसतो. संगणक मात्र ध्वनीलाही माहितीच समजून बरोबर उत्तर मागतो. उत्तर आले नाही तर ड्राइव्ह मागे जाऊन पुन्हा वाचतो, वेग कमी करतो, लेन्स नव्याने जुळवतो आणि हे होईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिम त्याची वाट पाहते. प्लेअरवर ठणठणीत वाजणारी सीडी संगणकावर अडते ती यामुळे, आणि म्हणून ‘सीडी तर चांगली आहे’ हा ग्राहकाचा आणि ‘ड्राइव्ह तर चांगला आहे’ हा दुकानदाराचा असे दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकतात.

एक ड्राइव्ह अडला म्हणून अख्खा संगणक का थांबावा, याचे उत्तर जुन्या यंत्रांच्या जोडणीत सापडते. साटा केबल येण्यापूर्वीच्या आयडीई पद्धतीत एकाच रुंद, चपट्या केबलवर मास्टर आणि स्लेव्ह अशी दोन उपकरणे बसत आणि त्यांपैकी एक काम करत असताना दुसऱ्याला सहसा ताटकळावे लागे. हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच केबलवर असतील तर ओरखडलेल्या गाण्याशी ड्राइव्हची झटापट संपेपर्यंत हार्ड डिस्कही खोळंबते आणि बाण गोठतो. दोघांना मदरबोर्डवरील वेगवेगळ्या केबलांवर नेणे आणि मागच्या बाजूचे जंपर तपासणे हा यावरचा उपाय असून त्याला एक पैसाही लागत नाही. याच काळातला दुसरा छुपा दोष विंडोज एक्सपीच्या स्वभावात होता. वाचनात सहा वेळा चूक किंवा विलंब नोंदवला गेला की ती प्रणाली डीएमए ही प्रोसेसरला मोकळे ठेवणारी देवाणघेवाण टप्प्याटप्प्याने उतरवत अखेर पीआयओ या पद्धतीवर आणत असे, ज्यात माहितीचा प्रत्येक घास प्रोसेसरलाच उचलावा लागतो. खराब तबकडी काढून घेतली तरी ही उतरण कायम राहते, म्हणून पुढे चांगल्या सीडीवरही संगणक रखडतो. डिव्हाइस मॅनेजरमधून तो आयडीई चॅनेल काढून संगणक पुन्हा सुरू केला की मूळ पद्धत परत येते. फॉरमॅट मारल्यावर ‘बरे वाटले’ असा जो अनुभव सांगितला जातो, त्यातल्या कित्येक प्रकरणांत प्रत्यक्षात एवढेच घडले असावे.

ध्वनी ड्राइव्हमधून स्पीकरपर्यंत कोणत्या वाटेने जातो, हाही प्रश्न असतो. जुन्या ड्राइव्हच्या पाठीमागून साउंड कार्डापर्यंत एक बारीक चार तारांची केबल जात असे आणि डिजिटल ध्वनीचे रूपांतर ड्राइव्ह स्वतःच करत असे, त्यामुळे संगणकावर भार जवळपास पडत नसे. नंतर हेच काम डिजिटल वाचनाने संगणकाकडे आले आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सीडी ऑडिओ’ची एक चौकट दिसू लागली. त्या चौकटीतली खूण काढून पाहणे ही चाचणी म्हणून मोलाची आहे, कारण खूण काढल्यावर संगणक गोठायचा थांबला तर दोष ध्वनी उचलण्याच्या मार्गात आहे असे ठरते. मग आवाज ऐकू आला नाही तर ती बारीक केबल जोडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कधी तर ड्राइव्हचा दोष मुळीच नसतो: सीडी आत जाताच ऑटोप्ले जागे होते, वाजवणारा प्रोग्रॅम गाण्यांची नावे इंटरनेटवर शोधू लागतो आणि रेंज रखडत असेल तेथे तो शोध संपेपर्यंत खिडकी प्रतिसाद देत नाही. एक्सपीसारख्या जुन्या विंडोजवर शिफ्ट कळ दाबून धरून सीडी आत घालणे किंवा नेट तोडून पाहणे ही याची साधी परीक्षा होय.

प्रोग्रॅमांचा आणखी एक उपद्रव इतिहासात नोंदला गेला आहे. सीडी लिहिणारे काही प्रोग्रॅम ड्राइव्ह आणि विंडोज यांच्या मध्ये फिल्टर ड्रायव्हर नावाचा पहारेकरी बसवतात आणि प्रोग्रॅम काढला तरी त्याची नोंद रजिस्ट्रीत राहून ड्राइव्ह अडतो किंवा नाहीसाच होतो. सोनी बीएमजी या कंपनीने नक्कल रोखण्यासाठी काही ऑडिओ सीडींवर घातलेला एक्ससीपी हा प्रोग्रॅम असाच लपून बसत असल्याचे मार्क रुसिनोविच यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये उघड केले आणि तो हाताने उपटू पाहणाऱ्याचा सीडी ड्राइव्ह दिसेनासा होई. त्या तबकड्या येरमाळ्यापासून फार दूरच्या बाजारात विकल्या गेल्या. पण ऑडिओ सीडी म्हणजे निव्वळ गाणी, ही समजूत त्या प्रकरणाने कायमची मोडली.

यंत्राकडे वळायचे तर घरात सहज सापडणाऱ्या तबकड्या हीच उत्तम परीक्षासामग्री असते. एमपीथ्रीच्या सीडीत पत्ताही असतो आणि दुसरी सुधारणाही. व्हीसीडीच्या चित्रविभागात पत्ता असतो, पण ती दुसरी सुधारणा वगळलेली असते, म्हणून ओरखडा आला की चित्रात चौकोन उमटतात आणि खेळ पुढे चालू राहतो. ऑडिओ सीडीत दोन्ही नसते. पहिली चालून बाकीच्या दोन अडखळत असतील तर लेसर थकला आहे किंवा लेन्सवर धूळ आहे अशी शंका घ्यावी. पहिल्या दोन स्वच्छ चालून तिसरीच गोठवत असेल तर वर सांगितलेली जोडणी, डीएमए आणि फिल्टर यांच्याकडे पाहावे. चौथी तबकडी म्हणून डीव्हीडी हाताशी असेल तर निदान आणखी नेमके होते, कारण डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर असतो आणि सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा. डीव्हीडी चालणारा पण कोणतीच सीडी न ओळखणारा ड्राइव्ह आढळला तर त्याचा दुसरा डोळा मिटला आहे असे समजावे.

धुळीने माखलेली लेन्स फुंकणीच्या हवेने आणि न सुटल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने, अजिबात दाब न देता पुसावी. ती बहुधा प्लास्टिकची असल्याने थिनर लागताच कायमची धुरकट होते. लेसरजवळचा बारीक स्क्रू फिरवून त्याचा जोर वाढवण्याचा जो प्रयोग काही कारागीर करतात, त्याने ड्राइव्ह काही दिवस तरतरीत होतो आणि मग मरतो, म्हणून तो न केलेलाच बरा. तबकडीच्या बाबतीत लोकांचा उलटा समज आहे: खालच्या चकचकीत बाजूला जपतात आणि नाव लिहिलेल्या बाजूवर बॉलपेनने लिहितात. वास्तविक खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक संरक्षण देते, तर परावर्तक थर वरच्या लाखेच्या पातळ पदराखालीच असतो. तेथे खरवडले गेले की ते गाणे गेलेच. घरी रंगीत स्टिकर चिकटवलेल्या सीडींचा त्रास वेगळाच, कारण ५२एक्सचा ड्राइव्ह मिनिटाला सुमारे दहा हजार फेऱ्यांपर्यंत जातो आणि तिरपा स्टिकर त्या वेगात तबकडीला थरथरवतो. अशा वेळी वेग चार किंवा आठ पटींवर बांधून टाकला की ड्राइव्ह बदलण्याची गरजच उरत नाही.

गाणी उतरवून घेताना साध्या प्लेअरऐवजी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा लिनक्सवर सीडीपॅरानॉइया यांसारखा प्रोग्रॅम वापरणे इष्ट, कारण ऑडिओ सेक्टरला पत्ता नसतो हे गृहीत धरूनच ते बांधलेले आहेत. ते लगतचे तुकडे एकमेकांवर थोडे चढवून वाचतात, जुळवून पाहतात आणि जेथे जुळत नाही त्या जागेची नोंद देतात. तीच तबकडी दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून पुन्हा उतरवावी, दोन्ही प्रतींमधील पुढे-मागे सरकलेले नमुने सारखे करून त्या ताडून पाहाव्यात आणि ज्या गाण्यांचा मेळ बसत नाही तेवढ्यांसाठी त्याच ध्वनिमुद्रणाची दुसरी सीडी किंवा जुनी कॅसेट शोधावी.