लाल टोपीचा शिपाई

कुंभिवलीस माझ्या हाताखालीं शिकलेला एक मुलगा सैनिकी पोलिसांत आहे. रजेवर आला असतां तो म्हणाला, "गुरुजी, मी जवळ गेलों कीं छावणींतल्या गप्पा थांबतात." त्या नोकरीचें मर्म ह्या एका वाक्यांत आहे.

सैन्याला निराळे पोलीस कशाला? शिपाईहि मनुष्यच, सुटीच्या दिवशीं बाजारांत त्याचाहि तोल जातो, आणि त्यास आवरावयास गणवेषांतलाच माणूस बरा. म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ सालीं, हिंदी सैन्यांत अशी तुकडी उभी राहिली. आज ह्या दलाचें शिक्षण बंगळुरास होतें. २०२१ पासून त्यांत स्त्रियाहि आहेत. लाल टोपी, पांढरा पट्टा व दंडावर 'एम. पी.' हीं अक्षरें ही त्यांची खूण. दरवाजावर परवाने तपासणें, लष्करी गाड्यांस वाट करून देणें, स्टेशनावर गस्त घालणें, युद्धांत कैदी सांभाळणें, हीं त्यांचीं कामें.

१९५० च्या सेना कायद्याचें १०७ वें कलम त्यांस गुन्हेगार सैनिकास पकडण्याचा अधिकार देतें. परंतु आपल्या अधिकारांत शिक्षा करूं देत नाहीं. अधिकाऱ्यास तर दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हुकुमावांचून धरतांच येत नाहीं. म्हणजे रोष पदरीं, निकाल दुसऱ्याच्या हातीं! जर्मनींतील तळावरचा अमेरिकन सैनिकी पोलीसहि असाच आपल्याच माणसांवर पहारा करीत असतो.

परीक्षेच्या वर्गांत फिरणारा मास्तरहि एकटाच असतो. मी त्या मुलास इतकेंच म्हणालों, "गप्पा थांबोत, बाळ, रात्रीं वाट चुकली कीं ते तुलाच विचारतील."