फरक लशीचा की योगायोगाचा?

दोन गटांत एखाद्या गोष्टीचे प्रमाण वेगवेगळे दिसले, तर तो फरक खरा की निव्वळ योगायोग, याचा निवाडा संख्याशास्त्र परिकल्पनेची परीक्षा घेऊन करते. जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीची १९५४ साली अमेरिकेत झालेली चाचणी हे याचे ठळक उदाहरण. तीत २,००,७४५ मुलांना लस टोचली गेली आणि २,०१,२२९ मुलांना लशीसारखेच दिसणारे निरुपद्रवी द्रावण. कोणाला काय मिळाले, हे पालकांना ठाऊक नव्हते आणि रोगनिदान करणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. पांगळे करणारा पोलिओ पहिल्या गटात ३३ जणांना झाला, दुसऱ्यात ११५ जणांना. म्हणजे लाखामागे सुमारे १६ आणि ५७.

परीक्षेची सुरुवात उलट्या टोकाने होते. लशीचा काहीच उपयोग नाही, दोन्ही प्रमाणे मुळात एकच आहेत, असे आधी धरून चालायचे. ही शून्य परिकल्पना. तसे असेल तर दोन्ही गट मिळून १४८ रुग्ण, लाखामागे सुमारे ३७, हाच सामाईक अंदाज. त्यावरून आणि गटांच्या आकारावरून, केवळ योगायोगाने फरक किती हेलकावे खाईल याचे माप निघते. ही प्रमाण त्रुटी इथे लाखामागे ६ येते. प्रत्यक्ष फरक आहे ४१च्या आसपास, त्रुटीच्या ६.७ पट. शून्य परिकल्पना खरी असताना १.९६ पटीपलीकडचा फरक शंभरात पाचदा दिसतो, ६.७ पटीचा अब्जावधींत एकदा दिसणेही कठीण. परिकल्पना टिकत नाही.

मुले लाखोंनी घ्यावी लागली, कारण रोग विरळा. गटात दहा-दहा हजारच मुले असती, तर रुग्ण दोनेक आणि सहाएक निघाले असते, फरक त्रुटीच्या दीडपटच भरला असता आणि इतकी गुणकारी लस सिद्ध झाली नसती.

सूत्राहून मोलाची ठरते ती मुलांची वाटणी. पालकांची संमती मिळालेल्या, पण द्रावणच टोचलेल्या मुलांत सर्व प्रकारच्या पोलिओचे प्रमाण लाखामागे ७१ होते. संमतीच न मिळालेल्यांत ४६. लस दोघांनाही नव्हती! संमती देणारी घरे बहुधा सुस्थितीतली होती. अस्वच्छ परिसरात बाळाला आईकडून मिळालेली प्रतिपिंडे शाबूत असतानाच सौम्य संसर्ग होऊन जातो आणि पुढे संरक्षण मिळते. स्वच्छ घरात तो उशिरा, प्रतिपिंडे ओसरल्यावर गाठतो. म्हणून संमती मिळालेल्या मुलांमध्येच, निव्वळ यादृच्छिक रीतीने, दोन गट पाडणे अत्यावश्यक होते.

काही भागांत तसे झाले नाही. तिथे इयत्ता दुसरीतल्या संमती असलेल्या मुलांना लस दिली आणि तुलना पहिली-तिसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांशी केली. सर्व प्रकारच्या पोलिओचे लाखामागे आकडे आले २५ आणि ५४; यादृच्छिक वाटणीच्या भागांत ते २८ आणि ७१ होते. लशीचा गुण त्या भागांत खऱ्याहून कमी दिसला.